साधं पाणी द्या

(ग्राहकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, ग्राहक चळवळीतल्या लोकांनी एका हॉटेलवाल्याला बोलवायचं आणि त्याला विषय द्यायचा ‘हॉटेलात पाणी कसं मागावं’, यात थोडा खोडसाळपणा आहे हे मला कळतं. वडिलांनी काढलेलं हॉटेल मी गल्ल्यावर बसून चालवलं, आता मुलगा चालवतो. त्यामुळे आज मी दोन्ही बाजूंनी बोलणार आणि दोन्हीकडच्या शिव्या खाणार.

आधी टेबलावर काय होतं ते बघू. पूर्वी गिऱ्हाईक टेकलं न टेकलं तोच पोऱ्या यायचा. एका हातात चार स्टीलचे ग्लास, प्रत्येकात एक बोट बुडवलेलं. ते टेबलावर आदळायचा आणि निघून जायचा. लोकांची तक्रार बोटांबद्दल असायची, पाण्याबद्दल नसायची. आता वेटर येतो आणि मेनूकार्ड द्यायच्या आधी अदबीनं विचारतो, ‘‘सर, बिसलेरी थंड देऊ की नॉर्मल?’’ प्रश्न नीट ऐका. तिसरं उत्तर शक्य आहे, पण ते त्यात घातलेलंच नाही. हे वेटरच्या मनचं नसतं बरं का, त्याला पढवलेलं असतं. काही ठिकाणी तर बाटली टेबलावर आधीच ठेवलेली असते आणि तुम्ही खुर्ची पुढं ओढेपर्यंत त्यानं टोपण पिळून सील फोडलेलं असतं. सील फुटलं की माणूस गप्प. सोबत व्याही बसलेत किंवा ऑफिसातले साहेब बसलेत, तिथं एका बाटलीवरून कोण हुज्जत घालणार? आमच्या धंद्यातली काही मंडळी नेमक्या त्या संकोचावर पैसे कमावतात.

मालक हे का करतो? कारण बाटलीत कष्ट नाहीत. भाजी निवडा, वाटण वाटा, गॅस जाळा, आचाऱ्याची मिजास सांभाळा, तेव्हा कुठं एका प्लेटमागं चार पैसे सुटतात. बाटली घाऊक भावात स्वस्त पडते. फ्रीजमधून काढायची आणि ठेवायची. वर २०१७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं हॉटेल संघटनांच्या बाजूनं निकाल दिला, की हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीचं बंधन लागू नाही. न्यायालयाचं म्हणणं असं, की नुसती पाण्याची बाटली विकत घ्यायला कोणी हॉटेलात जात नाही. तिथली बैठक आणि सेवा हेही तुम्ही घेत असता. निकाल तुम्हाला आवडो न आवडो, तो आहे. म्हणून मोठ्या हॉटेलात बाटलीची किंमत पाहून बिलावर आरडाओरडा करण्यात अर्थ नाही. बोलायचं ते सील फुटायच्या आधी.

उलट बाजूही ऐका. साधं पाणी द्यायलाच नकार देऊन बाटली गळ्यात मारली, म्हणून हैदराबादच्या जिल्हा ग्राहक आयोगानं २०२४ मध्ये एका रेस्टॉरंटला पाच हजारांची भरपाई द्यायला लावली होती. तुमच्यापैकी कुणाची मुलं लंडनला असतील, त्यांना विचारा. इंग्लंड-वेल्समध्ये दारूचा परवाना असलेल्या जागी गिऱ्हाइकानं मागितलं तर नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं, २०१० पासून ती परवान्याची अटच आहे. फ्रान्समध्ये २०२२ पासून ‘पाणी फुकट मिळेल’ हे रेस्टॉरंटनं स्वतःहून लोकांना कळवायचं असतं. तिथं कुणी पाणी मागताना आवाज खाली करत नाही.

आपल्याकडे आवाज खाली का जातो, याचा मी पुष्कळ विचार केलाय. आपल्याला वाटतं, साधं पाणी मागितलं तर आपण चिकट ठरू. वास्तविक या देशात हॉटेल आणि पाणी या दोन गोष्टींसाठी माणसं फार मोठं भांडलेली आहेत. महाडचं चवदार तळं १९२७ सालचं, ते सांगायला नको. पण राज्यघटनेचं पंधरावं कलम उघडून बघा. दुकानं आणि हॉटेलं सर्वांना खुली, हे एका उपकलमात, आणि विहिरी, तलाव सर्वांना खुले, हे लगेच खालच्या उपकलमात. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात, ज्याला आता नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, हॉटेलात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरायला आडकाठी करणं हा गुन्हा आहे. भांडी म्हणजे काय? टेबलावरचा तो ग्लासच की! कुणाला वेगळा कप, कुणाला ओंजळीत वरून पाणी, असं चालायचं, म्हणून तर कायद्यात भांडी लिहावी लागली. सर्वांना पाण्याचा एकच जग आणि एकच ग्लास हे आपल्याला सुखासुखी मिळालेलं नाही. आणि आज त्याच टेबलावर बाटलीवाला बडा आणि साधं पाणी पिणारा फाटका, अशी नवी पंगत आम्ही हॉटेलवाल्यांनी मांडली आहे. मला विचाराल तर ही लाज गिऱ्हाइकाची नव्हे, आमची.

आता तब्येतीचं. ‘‘बाहेरचं पाणी बाधतं’’ ही भीती खोटी नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट गेलं आणि महापालिकेनं कित्येक खासगी आरओ प्रकल्पांना टाळं ठोकलं. म्हणजे ‘फिल्टरचं’ म्हणून जे जार येतात, तेही डोळे झाकून घेण्यासारखे नाहीत. घरात आजारी माणूस असेल, लहान मूल असेल, तर खुशाल बाटली घ्या. पण मालकच जर म्हणाला, ‘‘साहेब, आमचं पाणी पिऊ नका,’’ तर उठा तिथून. कारण चटणी त्याच पाण्यात वाटली, कोथिंबीर त्याच पाण्यात धुतली, ताक त्याच पाण्यानं वाढवलं, आणि तुमची थाळीसुद्धा त्यातच विसळली. स्वयंपाकाला वापरायचं पाणी पिण्यायोग्य असलं पाहिजे, हा अन्नसुरक्षेचा नियमच आहे. बाटलीनं फक्त घसा वाचतो, जेवण नाही.

मग मागायचं कसं? बसल्या बसल्या, ऑर्डरच्या आधी, हसून: ‘‘दादा, साधं पाणी द्या. फिल्टरचं आहे ना?’’ बस. ‘‘आम्हाला तसं काही नाही, पण आज बाटली नको’’ असली कारणं देऊ नका, समोरच्याला त्यांचा लगेच वास येतो. बाटली आधीच ठेवली असेल तर ती उचलून त्याच्या हातात द्या. नुसती बाजूला सरकवली तर ती बिलात येण्याचा संभव असतो. आणि वेटरवर डाफरू नका. त्याच्या मागं उभा असलेला कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुकादम, आज किती बाटल्या गेल्या ते मोजत असतो.

आता तुमची पाळी. फुकटचं आहे म्हणून जग भरून पाणी मागवून दोन घोट प्यायचे, बाकी बेसिनऐवजी ताटातच हात धुवायला वापरायचं, हे आम्ही रोज बघतो. दुष्काळी वर्षात पुण्यातल्या काही हॉटेलांनी अर्धा ग्लास पाणी द्यायला सुरुवात केली, लागलं तर पुन्हा मागा म्हणून. लोकांनी सुरुवातीला कंजूष म्हटलं. मला ती पद्धत बारमाही हवी. उन्हाळ्यात निम्मा महिना टँकर घेतो हो आम्ही! निघताना घरच्या पाच बाटल्या भरून मागणारेही असतात. एक भरून देऊ, पाच नाही. आणि वेटरनं चार वेळा जग भरला असेल तर टिप ठेवताना ते आठवा.

कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे: ‘काही खायचं नसेल तर नुसतं पाणी मागता येतं का? १८६७ च्या सराई कायद्यानं तो हक्क आहे असं वाचलं.’ मोबाईलवर फिरणारा तो मजकूर मलाही आला होता. तो कायदा प्रवाशांच्या मुक्कामाच्या सरायांसाठी आहे. सराईवाल्यानं विहिरी, टाकी स्वच्छ ठेवावीत असं त्यात आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला हॉटेलनं फुकट पाणी पाजावं असं कलम नाही. तेव्हा कायदा दाखवू नका. टेबल अडवून बसू नका, सरळ गल्ल्यावर या आणि ‘‘शेठ, जरा पाणी मिळेल?’’ म्हणा. भर दुपारी तहानलेल्या माणसाला नाही म्हणणारा गल्लेवाला मला तरी क्वचितच भेटला आहे. भेटलाच, तर चार पावलांवर दुसरं हॉटेल असतं.