सर आणि शेवंड

(सकाळ. सांगली. आयर्विन पूल, खाली कृष्णा. मग गावभागातली अरुंद गल्ली.)

गावभागात, गणपती मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर, एक जुनं घर आहे. तिथल्या माणसाला अख्खी गल्ली 'सर' म्हणते, भाजीवालीसुद्धा. ३१ वर्षं त्यांनी कॉलेजात गणित शिकवलं. त्यातली बरीच वर्षं एकाच प्रश्नामागं गेली आणि प्रश्न काही सुटला नाही. नाव घालायचं नाही, ही त्यांची अट.

प्रश्न मात्र चौथीतल्या पोरालाही कळतो.

(शाळेचा वर्ग. पाच मुलं ओळीत.)

सर पाच मुलांना ओळीत उभं करतात आणि ० ते ४ आकड्यांच्या चिठ्ठ्या वाटतात. शेजारशेजारच्या दोघांच्या आकड्यांतला फरक काढायचा. १, २, ३, ४ हे चारही फरक एकेकदाच आले पाहिजेत. मुलं आधी सरळ ०, १, २, ३, ४ अशी उभी राहतात. सगळीकडं फरक एकच. मग ढकलाढकली, "ए, तू हिकडं ये की!" शेवटी एक मुलगी शून्यवाल्याला टोकाला ढकलते आणि चारवाल्याला त्याच्या शेजारी ओढून आणते. ०, ४, १, ३, २. फरक ४, ३, २, १. बसलं!

आता ओळ मोडा. मुलांच्या जागी ठिपके घ्या, रेघांनी जोडा, हव्या तेवढ्या फांद्या फुटू द्या. फक्त फिरून त्याच ठिपक्यावर परत येणारी वाट नको. असं कुठलंही झाड आकड्यांत बसवता येतं का? ही कल्पना स्लोव्हाक गणिती अलेक्झांडर रोझा यांच्या १९६७ च्या निबंधातली. अशा मांडणीला 'ग्रेसफुल' हे नाव पुढं सॉलोमन गोलोम्ब यांनी दिलं. ३५ ठिपक्यांपर्यंतची सगळी झाडं संगणकानं तपासून झाली आहेत आणि सगळी बसली आहेत. सिद्धता मात्र आजतागायत नाही. अँटोन कोटझिग या गणितज्ञांनी तर या नादाला 'रोग' म्हटलं होतं. काकूंना हे वाक्य पाठ आहे.

सरांना लागण झाली कोल्हापुरात. शनिवारी तास संपले की ते एसटी पकडून शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचे, नियतकालिकांतली पानं झेरॉक्स करून आणायचे. पिवळी पडलेली ती पानं अजून ट्रंकेत आहेत.

(वहीचं पान, जवळून.)

या झाडांना प्राण्यांची नावं आहेत. मधे एक कणा आणि उरलेले सगळे ठिपके थेट कण्यालाच चिकटलेले, तर तो सुरवंट. सुरवंट बसतात, हे रोझांनीच दाखवलं. कण्यापासून दोन रेघांपर्यंत लांब गेलेले ठिपके असतील तर ती शेवंड, म्हणजे लॉबस्टर. सगळ्या शेवंडी बसतील, असा अंदाज बेर्मों यांनी १९७९ मध्ये मांडला. तो अजून अंदाजच आहे. सांगलीत शेवंड कुणी बघितलेली! सर वर्गात खेकडा म्हणायचे.

एका मे महिन्यात, बोर्डाचे पेपर तपासता तपासता, सरांना वाटलं की जमलं. चौदा पानं झाली. पाठवण्याआधी त्यांनी ती एमएस्सीच्या वर्गाला फळ्यावर करून दाखवली. दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून तासगावकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, पण ह्या फांदीला दोनच बोटं असली तर?"

बोटं म्हणजे फांदीच्या टोकाला लटकलेले ठिपके. सरांची युक्ती ती विषम असली तरच चालत होती. सम आली की एक फरक दोनदा यायचा. ते फळ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "बस खाली. बरोबर आहे तुझं." त्या चौदा पानांतून पुढं चार पानांचा निबंध निघाला, फक्त विषम बोटांचा. निबंधात त्या मुलाचे आभार आहेत. हे सांगताना सर जेवढे खुलतात, तेवढे निबंध छापून आला ते सांगताना खुलत नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागात पाणी शिरलं. वह्या माळ्यावर होत्या. भिजल्या त्या पाहुण्यांच्या गाद्या. काकू अजून बोलून दाखवतात.

पुढच्याच जानेवारीत एका जुन्या विद्यार्थ्यानं फोनवर एक निबंध पाठवला. मोंटगोमेरी, पोक्रोव्स्की आणि सुदाकोव्ह या तिघांनी रिंगेल यांचा १९६३ चा अंदाज खूप मोठ्या झाडांसाठी सिद्ध केला होता. ठरावीक संख्येचे ठिपके सगळे एकमेकांना जोडले, तर ते जाळं एकाच झाडाच्या सारख्या प्रतींत नेमकं वाटता येतं, असा तो अंदाज. सगळी झाडं ग्रेसफुल निघाली असती, तर रिंगेल यांचा अंदाज आपोआप सुटला असता. हे तिघं वेगळ्याच वाटेनं गेले. वाईट वाटलं का, असं आम्ही विचारलं. सर म्हणाले, "वाईट कशाचं? प्रिंट काढून आणली आणि वाचायला बसलो. अजून सगळं कळलेलं नाही."

(संध्याकाळ. घरातला फळा.)

शेवटच्या दृश्यासाठी आम्ही त्यांना फळ्यावर काहीतरी लिहायला सांगितलं. त्यांनी बारा ठिपक्यांची शेवंड काढली, एका फांदीला मुद्दाम दोनच बोटं दिली आणि आकडे भरायला घेतले. काकूंनी चहा आणून ठेवला. आम्ही केबल गुंडाळू लागलो तेव्हा एकच ठिपका मोकळा होता आणि उरलेला ७ तिथं बसत नव्हता. सरांनी फडकं उचललं.