झुमऱ्याच्या गावात बिनसमेचं संगीत

मंडळी, इंदूरच्या श्रोत्यांपुढे संथ संगीताबद्दल बोलायचं म्हणजे धाडसच. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेब याच गावात वाढले. चौदा मात्रांचा झुमरा ताल ते इतक्या विलंबित लयीत घेत, की तबलजीची परीक्षाच. तेव्हा 'स्टार्स ऑफ द लिड' या अमेरिकन जोडीची 'बघा, किती संथ!' अशी जाहिरात मी तुमच्यापुढे करणार नाही. लय कितीही ताणली तरी खाँसाहेबांकडे सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, येणार असते, आणि आपण तिच्यासाठी जीव टांगून बसतो. या दोघांकडे समच नाही. ठेका नाही, ड्रम्स नाहीत, गायलेले शब्द नाहीत. मग ऐकणाऱ्याला दोन-दोन तास धरून ठेवायचं कशाच्या जोरावर? त्यांची सगळी कारकीर्द मला या एका प्रश्नाभोवती दिसते.

अ‍ॅडम विल्टझी आणि ब्रायन मॅकब्राइड. टेक्सासमधल्या ऑस्टिनला १९९३च्या सुमारास दोघांनी सुरुवात केली. तो पोस्ट-रॉकचा काळ. सायमन रेनॉल्ड्स या ब्रिटिश समीक्षकानं १९९४मध्ये हे नाव रूढ केलं. वाद्यं रॉकचीच, पण त्यांतून रॉक वाजवायचं नाही, असा त्याचा साधारण अर्थ. या जोडीनं ते फारच मनावर घेतलं. त्यांच्या हातात गिटार, पण ती गिटार आहे हे कानाला कळूच नये अशी.

ते कसं साधतं, हे जरा बघू. आवाज शून्यावर ठेवून तार छेडायची आणि मग पायाखालच्या पेडलनं आवाज हळूहळू वर आणायचा. छेडल्याचा आघात ऐकूच येत नाही, उरतो तो फुगत जाणारा स्वर. त्यावर प्रतिध्वनीचे थर चढवले, की स्वर कधी सुरू झाला आणि कधी सरला, याचा पत्ता लागत नाही. आपल्याला लगेच तानपुरा आठवतो. पण तानपुरा गायकाची वाट पाहतो, इथे गायक येणारच नसतो.

१९९५चा पहिला अल्बम 'म्युझिक फॉर नायट्रस ऑक्साइड'. तो चार ट्रॅकच्या घरगुती ध्वनिमुद्रण यंत्रावर केलेला, आणि तसाच खरखरीत. १९९७चा 'द बॅलास्टेड ऑर्केस्ट्रा' शिकागोच्या क्रँकी या छोट्या कंपनीनं काढला. इथवर सगळा जाड, गढूळ गुंजारव आहे. मला तो आवडतो, पण कुणाला आग्रह करणार नाही.

खरा पालट २००१मध्ये. 'द टायर्ड साउंड्स ऑफ स्टार्स ऑफ द लिड', तीन एलपी तबकड्या, सुमारे दोन तास. गिटारच्या धुक्यात आता व्हायोलिन, चेलो, ब्रासची म्हणजे पितळी फुंकवाद्यं शिरली. 'रेक्विएम फॉर डाइंग मदर्स' ऐका. एक स्वरसंगती येते, विरते, मग शांतता, आणि ती इतकी लांबते की संपलं असं वाटावं. तेवढ्यात पुढची येते. समेचं काम इथे या रिकाम्या जागा करतात. माझ्या मते वरच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना इथे सापडलं. २००७च्या 'अँड देअर रिफाइनमेंट ऑफ द डिक्लाइन'मध्ये त्यांनी तेच आणखी विरळ केलं.

तोवर विल्टझी ब्रुसेल्सला, मॅकब्राइड अमेरिकेत. मॅकब्राइडचा पेशा ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. तो विद्यापीठातल्या मुलांना वादविवाद शिकवायचा. अमेरिकेतली वादविवाद स्पर्धा म्हणजे काय, तर मिनिटाला शेकडो शब्द, श्वास घ्यायलाही उसंत नाही. दिवसभर हे ऐकणारा माणूस संगीतात गायलेला एक शब्द येऊ देत नाही!

२००७नंतर जोडीचा नवा स्टुडिओ अल्बम आला नाही. विल्टझीनं डस्टिन ओ'हॅलोरनबरोबर 'अ विंग्ड व्हिक्टरी फॉर द सलन' सुरू केलं, त्यांचा पहिला अल्बम २०११चा. तिथे पियानो आला, सुरावटी उघड झाल्या. देखणं काम आहे, पण मला थोडं जास्तच देखणं वाटतं. ऑगस्ट २०२३मध्ये मॅकब्राइड वारला, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी.

याला 'झोपेचं संगीत' म्हणतात, ते मला पटत नाही. झोप लागली तर लागू दे, पण मग त्या रिकाम्या जागा निसटतात, आणि सगळी करामत तिथेच आहे. सुरुवात २००१च्या अल्बमनं करा, मागे नंतर जा. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको, खर्जातलं काहीच हाती लागणार नाही. आणि दोन्ही तास एका बैठकीत संपवायला हवेत असं नाही, मीही संपवत नाही.