काठावर बसलेली माणसं

सगळ्यांना सलाम.

पाळकसाहेब म्हणाले, पंधरा दिवसांच्या सेवेसाठी ही मुलं परदेशी निघाली आहेत, त्यांना चार उपयोगाच्या गोष्टी सांगा. पण लस कुठली घ्यायची, पासपोर्ट कुठे ठेवायचा, पाणी कसं प्यायचं, हे तुम्हाला सांगून झालंय. माझ्याकडे त्यात भर घालण्यासारखं काही नाही. म्हणून मी आज एका पत्राबद्दल बोलणार आहे.

पत्र १८१२ सालचं आहे. लिहिणारी बाई बावीस वर्षांची, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्याच वयाची. तिचं नाव ॲन जडसन. लग्नाला साडेचार महिने झालेले आणि त्यातले चार जहाजावर गेलेले.

थोडं मागे जाऊ. १८०६ मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी शेतात प्रार्थनेला जमले होते. वादळ आलं, विजा कडाडायला लागल्या, तेव्हा ते एका गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. आपण परदेशात सुवार्ता घेऊन जायला हवं, हा विचार तिथे ठरला. चार वर्षांनी त्यातूनच अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनरी पाठवणारी संस्था उभी राहिली, जिचं मराठी मिशन पुढे आपल्याकडे आलं. तुमच्यापैकी काहींच्या आजी-पणज्या त्याच मिशनच्या शाळेत शिकल्या असतील. १८१२ च्या फेब्रुवारीत पहिली तुकडी निघाली. सेलम बंदरातून 'कॅराव्हॅन' जहाजावर दोन जोडपी चढली, जडसन आणि न्यूएल. फिलाडेल्फियाहून दुसऱ्या जहाजावर गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि आणखी काही जण. कुणीच तिशीला पोचलेलं नव्हतं. हॅरिएट न्यूएल तर अठराची.

जूनमध्ये जहाज हुगळी नदीत शिरलं आणि ॲनने लिहायला घेतलं. नदीच्या दोन्ही काठांना झोपड्या दाटीवाटीने उभ्या आहेत, आमच्या बंदरगावांतल्या घरांसारख्या. अगदी लहान, आकार गवताच्या गंजीचा. ना धुराडं, ना खिडकी. भातशेतं हिरवीगार, गुरं चरताहेत. माणसं आपापल्या कामात आहेत, कोणी मासे धरतंय, कोणी गुरं हाकतंय. आणि पुष्कळ माणसं आळसावून काठावर बसली आहेत. मी माझ्या शब्दांत सांगतोय, पण आशय हाच.

गवताची गंजी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जागेवरून उठलो होतो. ज्या गंजीखालून ही सगळी मंडळी निघाली, तीच गंजी हिला हुगळीच्या काठावर दिसली. यात चमत्कार काही नाही. माणूस नवीन प्रदेशात गेला की डोळे घरचेच घेऊन जातो. बंगालमधली ती छपरं तशी उतरती आणि गोल होती, कारण तिथला पाऊस. धुराडं नव्हतं, कारण धुराड्याची गरज मॅसॅच्युसेट्सच्या हिवाळ्याला होती. ॲनने जे लिहिलं ते खोटं नाही. फक्त तिने झोपडीचं वर्णन करताना तिच्यात काय नाही ते लिहिलं, आणि जे नाही ते तिच्या गावाला होतं.

'आळसावून' या शब्दापाशी मात्र मला जास्त थांबायचंय. हुगळीला भरती-ओहोटी असते. नाव वर न्यायची तर नावाड्याला भरतीची वाट पाहत बसावंच लागतं. काठावरची ती माणसं कशासाठी बसली होती, हे आता कोणाला कळणार? भरतीसाठी असतील, पावसासाठी असतील, खरोखर आळशीही असतील. पण चालत्या जहाजाच्या कठड्यावरून दिसतं ते एवढंच की माणूस बसलाय. 'आळशी' हे बघणारीने आपल्या पदरचं घातलं.

हे मी तिच्या निंदेसाठी सांगत नाही. ॲनने पुढे ब्रह्मदेशात जे सोसलं, ते वाचून मान खाली जाते. मी फक्त पहिल्या दिवसाच्या पानाबद्दल बोलतोय.

आणि त्या पानाची पुढची गोष्टही ऐका. ही मंडळी पोचली त्याच आठवड्यात अमेरिका आणि इंग्लंडमध्ये युद्ध पुकारलं गेलं. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी आधीच नको होते, त्यात हे अमेरिकन. कलकत्त्यात फर्मान निघालं, चालते व्हा. न्यूएल पतिपत्नीला मॉरिशसला जाणाऱ्या जहाजात जागा मिळाली. वाटेत, समुद्रावर हॅरिएटची प्रसूती झाली. मुलगी पाच दिवस जगली. नोव्हेंबरच्या ३० तारखेला मॉरिशसमध्ये हॅरिएटही गेली. एकोणीस वर्षांची. जिथे राहून काम करायचं ती जागा तिला दिसलीसुद्धा नाही. पण तिची रोजनिशी आणि पत्रं १८१४ मध्ये अमेरिकेत छापली गेली, पुन्हापुन्हा छापली गेली, आणि ती वाचून किती तरी मुलींनी घर सोडलं. म्हणजे एका मोठ्या पिढीच्या मनातला हिंदुस्थान काही अंशी अशा मुलीच्या नजरेतून आला, जिला इथे जेमतेम सात आठवडे राहू दिलं होतं. तुम्ही रात्री मोबाइलवरून फोटो टाकाल ना, तेव्हा हे थोडं आठवा. तिचं पत्र घरी पोचायला महिने लागायचे, तुमचा फोटो क्षणात पोचतो. उतावीळपणा मात्र तेव्हाही कमी नव्हता.

आता हॉल आणि नॉट. तेही कलकत्त्यातून निसटले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. तिथेही परत पाठवण्याचे हुकूम आले, अर्जविनंत्या झाल्या, एकदा कोचीनपर्यंत पळून जाऊन त्यांना परत आणलं गेलं. अखेर राहू दिलं. नॉटची तब्येत साथ देईना, तो १८१५ मध्ये परतला. हॉल राहिला. मराठी शिकला, रस्त्यावर उभं राहून मराठीत बोलायला लागला. तेरा वर्षं! १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला फिरताना पटकीने गेला. त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार पुरा छापून झाला तो त्याच वर्षी.

तेरा वर्षं आणि पंधरा दिवस. हा हिशेब मला तुमच्यासमोर ठेवायचाच आहे, तुम्ही रागावलात तरी. १९५४ मध्ये कालेर्व्हो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने रिओ दी जानेरोत एक भाषण केलं. परक्या देशात गेल्यावर माणसाचं मन कुठल्या टप्प्यांतून जातं, ते त्याने मांडलं. पहिला टप्पा मधुचंद्राचा. सगळं छान वाटतं, सगळे प्रेमळ वाटतात. तो म्हणतो, हा टप्पा काही दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंत टिकू शकतो. मग चिडचिड, घरची आठवण, 'ही माणसं अशीच' म्हणणं. त्यानंतर भाषा थोडी कळायला लागली की हळूहळू जमिनीवर पाय टेकतात. तुमचे पंधरा दिवस बहुधा मधुचंद्रातच संपणार आहेत. तुम्ही परत याल ते खूश होऊन याल.

मग साक्षीच्या संध्याकाळी, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांना अनुभव सांगायच्या वेळी, कोणी तरी उभं राहील आणि म्हणेल, 'त्यांच्याकडे काहीच नाही, तरी ती माणसं किती आनंदी आहेत!' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते सुरू झालं की मला पुढचं पाठ असतं. अहो, पाहुणे आले की तुमची आईसुद्धा हसतमुखच असते. गॅसचं बिल भरायचं राहिलंय हे ती पाहुण्यांना सांगते का? 'आनंदी आहेत' हे 'आळशी आहेत'चंच भावंड आहे. ऐकायला गोड, एवढाच फरक.

काठावरच्या माणसांना कोणी विचारतं का? एकदा विचारलं गेलं. १९९८ मध्ये मिच वादळाने होंडुरास देश उद्ध्वस्त केला. उत्तर अमेरिकेतल्या चर्चेसमधून मंडळी तिथे घरं बांधायला गेली. पुढे कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने ज्यांना घरं मिळाली त्यांनाच जाऊन विचारलं. पाहुण्यांचा प्रवासखर्च धरला तर त्यांनी बांधलेलं एक घर पडायचं तीस हजार डॉलरच्या आसपास. स्थानिक संस्थेने तिथल्याच माणसांकडून बांधलेलं दोन हजारांत व्हायचं. घरातल्यांच्या आयुष्यात मात्र ते कोणी बांधलं यावरून फरक पडल्याचं दिसेना. आणि लोक काय म्हणाले? तुम्ही आलात, बरं वाटलं, पण त्या पैशात आणखी घरं झाली असती.

मग जाऊ नये का? मागच्या बाकावरून कोणी तरी मघाशी हळूच म्हणालंच. जा. मी स्वतः तुमच्या वयात गेलो होतो, आणि माझी पहिल्या आठवड्याची वही आज उघडायची माझी हिंमत होत नाही. पण मी ती फाडलेली नाही. वही घेऊन जा, फक्त उजव्या पानावर लिहा. डावं पान कोरं ठेवा. महिन्याभराने, वर्षाने त्या पानावर लिहायला काही तरी सुचेल. तिथल्या कोणाशी पत्रव्यवहार राहिला तर लवकर सुचेल. आणि साक्ष द्यायची घाई करू नका. पाळकसाहेब, ती संध्याकाळ दोन-तीन महिने पुढे ढकलता आली तर पाहा.

मला कधी कधी वाटतं, हुगळीच्या काठावर बसलेल्यांपैकी एखादा त्या दिवशी घरी जाऊन काय म्हणाला असेल? त्याचं पत्र काही आपल्याला मिळणार नाही. पण मी त्याच्या जागी असतो, तर भाकरतुकडा खाताना बायकोला सांगितलं असतं, आज एक मोठं जहाज गेलं बघ. वर दोन गोऱ्या पोरी उभ्या होत्या. हाताला काही काम नव्हतं, नुसत्या आमच्याकडे बघत होत्या.