पाटावरून उठताना

सकाळचे सहा वाजलेत, पर्वतीचा पायथा. 103 पायऱ्या आहेत. त्या निळी साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज घातलेल्या दिसतायत ना, ती माझी आई, वय 76. मधेच थांबते, कठड्याला हात लावते, दम खाते, परत निघते.

दोन वर्षांपूर्वी तिला पाटावरून उठता येत नव्हतं. गौरीजेवणाला हौसेनी खाली पंगतीत बसली, आणि जेवण झाल्यावर उठताच येईना, शेवटी मी आणि दादानी काखेत हात घालून उचललं. तेव्हा काही बोलली नाही, रात्री म्हणाली, पुढच्या वर्षी मला टेबलावरच वाढ गं. फार लागलं ते मला.

कारण आधी शनिवार पेठेत वाड्यात होतो, उभा लाकडी जिना, दिवसातून दहा खेपा, भाजी निवडायला खाली बसायचं, जेवायला खाली बसायचं, संडासात उकिडवं. मग वाडा पाडला, कोथरूडला फ्लॅट घेतला, लिफ्ट, सोफा, डायनिंग टेबल, कमोड, सगळं तिला त्रास नको म्हणूनच केलं आम्ही, आणि पंधरा वर्षांत तिच्या मांड्यांना कामच उरलं नाही.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर जास्तच वेगानी. त्यात गुडघे दुखतात म्हणून माणूस हलत नाही, हलत नाही म्हणून ताकद अजून जाते, मग ओल्या बाथरूममधे पाय सटकला की सावरताच येत नाही.

आई रोज बागेत चालायची हो, पण तेवढं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनी 2020 मधे सांगितलंय की पासष्टीनंतर आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळायचा व्यायाम हवा. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सुरुवात खुर्चीपासून केली, हात छातीशी धरायचे आणि नुसतं उठायचं-बसायचं. पहिल्या दिवशी तीनदा जमलं, चौथ्यांदा पाय थरथरले. मग ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, आणि संध्याकाळच्या चहा-खारीच्या जागी वाटीभर उसळ, कारण स्नायूंना प्रोटीन लागतं.

आता या वयात काय, असं सगळेच म्हणतात. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात 86 ते 96 वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली होती, त्याचा अभ्यास 1990 मधे छापून आला. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! मी हे आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, मग मी तर लहानच आहे.

यंदाच्या गौरी. हे घरच्याच मोबाईलवरचं शूटिंग आहे, थोडं हललंय. पंगत उठतीये, आईनी एक गुडघा वर घेतला, तळहात जमिनीवर टेकला, मी हात पुढे केला तर तिनी तो बाजूला केला,

"सरक गं, दुसरी पंगत वाढायचीये मला."