कात्री न लागलेला स्वेटर

(दृश्य : डोंगरउतारावरची दगडी गिरणी, शेजारून वाहणारा ओढा)

इंग्लंडच्या डार्बीशर परगण्यात, मॅटलॉक गावाजवळ ली ब्रिज नावाची छोटी वस्ती आहे. तिथल्या ओढ्याकाठी 1784 साली पीटर नाइटिंगेल आणि जॉन स्मेडली या दोघांनी गिरणी घातली. रिचर्ड आर्कराइटची क्रॉमफर्डची गिरणी इथून जवळच. ती 1771ची, त्यामुळे पाण्याच्या जोरावर सूत कातणं या खोऱ्याला ठाऊक झालेलं होतं. ली ब्रिजलाही सुरुवातीला कापूस कातला जाई आणि मलमल निघे. नाइटिंगेलची मालमत्ता पुढे नात्यातल्या ज्या वारसाकडे गेली, त्याची मुलगी फ्लॉरेन्स नाइटिंगेल. तिचे लहानपणीचे उन्हाळे गिरणीजवळच्या ली हर्स्ट या घरी गेले.

गिरणीला विणलेल्या कपड्यांच्या धंद्यात नाव मिळवून दिलं ते दुसऱ्या जॉन स्मेडलीने. हा 1803चा जन्म. सूत कातणं आणि कपडा विणणं, दोन्ही त्याने एकाच आवारात आणलं. सूत आपलंच असलं की त्याचा पीळ आणि जाडी विणणाऱ्याला हवी तशी मिळते. बारीक विणकामाचा अर्धा भरवसा तिथेच असतो. जलोपचारांवर त्याची इतकी श्रद्धा बसली की मॅटलॉकला त्याने मोठं उपचारगृह उभारलं आणि समोरच्या टेकडीवर रायबर कॅसल बांधला. 1874 मध्ये तो वारला. त्याला मूल नव्हतं, म्हणून गिरणी नात्यातल्या मार्सडेन घराण्याकडे गेली आणि त्यांनी स्मेडली हे नाव आपल्या आडनावाला जोडून घेतलं.

(दृश्य : यंत्रावर उभ्या सुयांची लांबच लांब रांग)

आता यंत्राकडे वळू. शेजारच्या नॉटिंगहॅमशरमध्ये, कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम लीने 1589 साली मोजे विणायचं यंत्र बनवलं. त्याची सुई हातविणकामातल्या सुईसारखी नसते. तिच्या टोकाला मागे वळलेला, लवचीक आकडा असतो. सूत सुयांवर आडवं पडतं. मग सुयांमधल्या पातळ पट्ट्या ते खाली दाबतात आणि दर दोन सुयांमध्ये एक फास तयार होतो. हा नवा फास आकड्यात शिरला की वरून दांडी येऊन आकडा मिटवते, आणि आधीचा फास त्याच्यावरून घसरून खाली पडतो. झाली एक ओळ.

यात बिघडण्यासारखं खूप आहे. एखादा आकडा वाकला तर तो नीट मिटत नाही, टाका सुटतो आणि कापडात वरपासून खालपर्यंत शिडी पडते. सुताचा ताण मध्येच बदलला तर आडवा पट्टा उमटतो आणि तो धुऊनही जात नाही. सुताला मेण कमी लागलं असेल तर ते सुयांवर घासून तुटतं.

1811 साली नॉटिंगहॅमशरच्या मोजे विणणाऱ्यांनी यंत्रं फोडायला सुरुवात केली. त्यांच्या तक्रारींत एक खास कारागिराची होती : मालक रुंद कापड विणून घेतात, त्यातून मोज्याचे आकार कापतात आणि शिवून विकतात. कापलेल्या विणीला कड नसते. शिवण जरा ढिली झाली की टाके उसवत जातात, आणि बदनामी सगळ्या धंद्याची होते. त्यांचं म्हणणं रास्त होतं. विणलेल्या कापडावर कात्री चालवणं म्हणजे शेकडो टाके मोकळे सोडणं.

त्यावर उपाय म्हणजे आकार यंत्रावरच घडवणं. लफबरोच्या विल्यम कॉटनने 1864 साली असं यंत्र पेटंट केलं, ज्यावर शेजारीशेजारी अनेक तुकडे एकदम विणले जातात आणि प्रत्येकाचा आकार आपोआप कमी-जास्त होतो. या जातीच्या यंत्रांवर गेज, म्हणजे सुयांची दाटी, मोजायची रीत वेगळी आहे : दीड इंचात किती सुया. स्मेडलीच्या गिरणीचं नाव ज्या 30 गेजशी जोडलं जातं, त्यात दर इंचाला 20 सुया. म्हणजे 20 इंच रुंद तुकड्याला सलग 400 टाके.

(दृश्य : बगलेजवळच्या विणीचं जवळून चित्रण)

बगलेपाशी रुंदी घटवायची वेळ आली की बारीक टोकांची एक फणी कडेचे काही टाके एकदम उचलते आणि आतल्या बाजूला सरकवते. कडेची सुई रिकामी होते आणि गटातला सर्वांत आतला टाका शेजारच्या टाक्यावर बसतो. एका सुईवर दोन टाके आल्याने तिथे बारीकसा उंचवटा दिसतो. हीच या कामाची खूण. ती शिवणीवर न पडता कडेपासून काही टाके आत, शिवणीला समांतर पडते. काही उत्पादक कापून शिवलेल्या स्वेटरवर नुसती शोभेची खूण टाकतात. तिथे शिवणीची आतली बाजू पाहावी. कापलेल्या कडेवर ओव्हरलॉकचा जाड धागा असतो, विणलेली कड सपाट असते.

गळपट्टी जोडायचं काम गोल तबकडीवर चालतं. तबकडीच्या कडेला टोचे असतात आणि एका टोच्यावर एकच टाका चढवायचा. त्यासाठी तुकड्याची शेवटची ओळ मुद्दाम ढिली विणतात आणि तिच्यावर टाकाऊ सुताच्या काही ओळी घेतात, म्हणजे हाताळताना टाके निसटत नाहीत. जोडणी झाली की ते टाकाऊ सूत उसवून काढतात. एक टाका टोच्याबाहेर राहिला तर तिथूनच भोक पडतं. चुकून वरच्या ओळीत टोचलं तर गळा वाकडा बसतो. नजर आणि बोटं बसायला इथे फार काळ जातो, आणि पगाराच्या हिशेबात अशा हातांची किंमत नेहमी कमीच धरली जाते, हे खटकतं.

शेवटी धुलाई. कातताना लागलेलं तेल आणि मेण निघेपर्यंत मेरिनो लोकर मऊ होत नाही. पण लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. पाणी जास्त गरम झालं किंवा घुसळण लांबली तर ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून नमद्यासारखा होतो. लांब धाग्याच्या सी आयलंड कापसाला ही भीती नाही. त्यामुळे दोन्हींची धुलाई वेगवेगळी ठेवावी लागते. मग साच्यावर ताणून वाफ, आणि उजेडासमोर धरून तपासणी. सुटलेला टाका दिसला तर तो बारीक आकड्याच्या सुईने ओळीओळीने वर चढवून जागेवर आणतात. मागे गाठ ठेवत नाहीत.