मेंढरांमागे चालणारी मुलगी

मंडळी, आज मला एका वाड्याबद्दल बोलायचं आहे. वाडा म्हणजे चिरेबंदी नव्हे. धनगरांची चार-सहा बिऱ्हाडं, घोड्यांवर लादलेला संसार, दोन-तीनशे मेंढरं आणि राखणीची कुत्री, हा सगळा वाडा. दिवाळी झाली की नगर-पुण्याकडच्या कोरड्या भागातून असे कित्येक वाडे घाट उतरून कोकणात येतात आणि पावसाळ्याआधी परत चढतात. माळशेज उतरून मुरबाडकडे आलेला वाडा म्हणजे आपल्या कल्याणच्या लोकलपासून फार लांब नाही.

तिथे मी एका तेरा वर्षांच्या मुलीला तपासलं. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती, वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण, लावून झाली होती आणि ती चुलीपाशी भाकरी थापत होती. आई म्हणाली, "डाक्तरीणबाई, पोरगी लई आळशी झालीया. चार पावलं चालली की बसती." मी मुलीची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली असायला हवी तिथे कागदासारखं पांढरं. नखं फिकट. तिच्या झग्याच्या खिशात पाटीवरच्या पेन्सिलचे तुकडे होते, आणि ते लिहायला नव्हते. पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही बहुतेकदा शरीरात लोह संपत आल्याची खूण असते. मुली ती लपवतात, कारण घरी मार बसतो. हिमोग्लोबिन निघालं ८.४. या वयात ते निदान १२ तरी हवं. ती मुलगी आळशी नव्हती. तिच्या अंगात रक्त नव्हतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हा आकडा ५४ होता. म्हणजे हा फक्त वाड्यावरचा प्रश्न नाही, या सभागृहातल्या घरांतलाही आहे. पण वाड्यावर तो कसा उभा राहतो, ते नीट बघितलं पाहिजे.

लोक मला विचारतात, दूधदुभतं घरचं, मेंढरं घरची, मग रक्त कमी कसं? दुधात कॅल्शियम आहे, प्रथिनं आहेत, पण लोह जवळपास नाही. लिटरभर दुधात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा मुश्किलीने, आणि या वयाच्या मुलीच्या आहारात रोज तीसेक मिलिग्रॅम असावं लागतं. केनियातले मसाई असोत की इथिओपियातले अफार, जिथे जिथे दूध हाच जेवणाचा मोठा भाग आहे तिथे ही अडचण आहे. आणि मटण? मांसातलं लोह अंगाला सहज लागतं, कलेजीत तर ते भरपूर असतं. पण मेंढरू ही धनगराची ठेव आहे. जत्रेला, देवाच्या कार्याला कापतात. एरवी ते व्यापाऱ्याच्या हाती जातं आणि शहरातल्या ताटात पडतं.

राहिली बाजरीची भाकरी. बाजरीत लोह चांगलं असतं, पण ते सहजी सुटत नाही. त्यात भाकरी खातात चहात बुडवून. चहा त्या लोहाला धरून ठेवतो. मी त्या आईला एवढंच म्हटलं, चहा भाकरीनंतर तासाभराने द्या आणि भाकरीवर लिंबू पिळा. पूर्वी लोखंडी तव्यावर, लोखंडी कढईत रांधायचे, त्यातूनही थोडं लोह मिळायचं. आता ओझं हलकं म्हणून ॲल्युमिनियमची भांडी आली. घोड्यावर लादायचं असतं, त्यांना दोष कसा देणार? शिवाय मुली अनवाणी हिंडतात, आणि कोकणातल्या ओल्या मातीतून अंकुशकृमी, म्हणजे आकड्यासारखे जंत, तळपायातून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. पाळी सुरू झालेली, उंची वाढत असलेली, आणि वर हे.

सरकारची योजना चांगली आहे, हे मी मनापासून सांगते. शाळेत आठवड्याला एक निळी लोहगोळी, वर्षातून दोनदा जंताची गोळी. पण गोळी हजेरीपटावर नाव असलेल्या मुलीला मिळते, आणि ही मुलगी दिवाळीपासून पाऊस पडेपर्यंत शाळेतच नसते. शाळेत शिल्लक गोळ्या, रानात पांढरी पापणी. म्हणून माझं म्हणणं एकच आहे : गोळीने वाड्यामागे जावं. स्थलांतरित मुलांना जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देण्याची सोय आपल्याकडे आहे. त्याच कार्डावर हिमोग्लोबिन आणि गोळ्यांची नोंद का असू नये? निघताना मुलीच्या हातात पूर्ण हंगामाच्या गोळ्या का देऊ नयेत?

त्या मुलीला रोजच्या गोळ्या दिल्या, तीन महिन्यांच्या. जेवणानंतर घे, चहाबरोबर नको, शौचाला काळी झाली तर घाबरू नकोस, हे तीनदा सांगितलं. घाबरूनच मुली गोळ्या फेकून देतात. आजीने पाकिटं मिठाच्या डब्याशेजारी ठेवली, म्हणजे रोज नजरेला पडतील.

चैत्रात वाडा परतीला लागला तेव्हा मी पुन्हा गेले. हिमोग्लोबिन ११.१. आईने धाकटीला पुढे केलं आणि विचारलं, "हिलाबी निळी देता का?" धाकटी नऊ वर्षांची. त्या वयाला कमी ताकदीची गुलाबी गोळी लागते, आणि ती माझ्या पिशवीत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाच्या पायथ्याशी पोचवली, तोवर घोडे लादून झाले होते.