'कसं थांबवू?'च्या आधीचा प्रश्न

आज इथं यायच्या आधी संयोजकांनी तुम्हा पालकांकडून मुलांच्या वागण्याबद्दलच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या घेतल्या होत्या. काल रात्री मी त्या सगळ्या वाचल्या. १९ चिठ्ठ्या आहेत. डोकं आपटतो, मनगट चावते, ताट भिरकावतो, दुकानात लोळण घेतो, आजीचे केस ओढतो. बहुतेक चिठ्ठ्यांचा शेवट एकच आहे: कसं थांबवू? एका चिठ्ठीवर मात्र एवढंच लिहिलंय, 'तो असं का करत असेल हो?' ज्या कुणी ते लिहिलं त्यांचे मी मनापासून आभार मानते. स्वमग्न (ऑटिस्टिक) आणि विकासात अडचणी असणाऱ्या मुलांच्या वर्तनावर काम करणाऱ्या आमच्या क्षेत्राला तो प्रश्न नीट विचारायला बरीच वर्षं लागली, आणि मधल्या काळात मुलांनी फार सोसलं.

१९६० च्या दशकात लॉस एंजेलिसला मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास आणि त्यांचे सहकारी स्वतःला इजा करणाऱ्या मुलांवर विजेचे झटके वापरत होते, आणि त्यावर शोधनिबंधही छापून येत होते. झटका दिला की वर्तन थांबायचं. झटका देणाऱ्याला 'का' कळण्याची गरजच नसते; कारण काहीही असो, वेदना ते दाबून टाकते. मला त्या पद्धतीतलं सगळ्यात भयंकर हेच वाटतं. मुलाकडे पाहायचीसुद्धा गरज उरत नाही.

१९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कार यांनी स्वतःला इजा करण्याच्या वर्तनावर तोवर झालेलं काम एकत्र तपासलं आणि मांडलं की एकाच दिसणाऱ्या वर्तनामागे वेगवेगळी कारणं असू शकतात. कुणाला माणसांचं लक्ष मिळतं, कुणाची नकोशा गोष्टीतून सुटका होते, कुणाला त्या हालचालीतूनच काही संवेदना मिळते, तर कुणाच्या शरीरातच काही दुखत असतं. पुढे १९८२ मध्ये बाल्टिमोरच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष तपासून पाहिलं.

त्यांनी काय केलं ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्वतःला इजा करणारी ९ मुलं होती. प्रत्येकाला पंधरा-पंधरा मिनिटं वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवायचे. एका वेळी मोठं माणूस शेजारी मासिक वाचत बसायचं. मुलानं स्वतःला मारलं की लगेच 'असं नको करू, लागेल तुला' म्हणत खांद्यावर हात ठेवायचा. दुसऱ्या वेळी शिकवण्याचं काम चालायचं. मारलं की काम बंद, आणि ते माणूस अर्धा मिनिट तोंड फिरवून बसायचं. तिसऱ्या वेळी मूल एकटं, खेळणी नाहीत, कुणी नाही. चौथ्या वेळी खेळणी, गप्पा, कसलीही सक्ती नाही. आधी डॉक्टरांची तपासणी झालेली असायची आणि इजा एका मर्यादेपुढे गेली की तिथंच थांबायचं, हे ठरलेलं होतं. म्हणून आधीच सांगते, हा प्रयोग घरी करायचा नाही. ९ पैकी ६ मुलांमध्ये चित्र स्वच्छ दिसलं: एका ठरावीक परिस्थितीत मारणं वाढायचं, बाकीच्यांत कमी व्हायचं. आणि ती परिस्थिती प्रत्येकाची सारखी नव्हती.

१२ वर्षांनी, १९९४ मध्ये, त्याच इवाटांनी १५२ जणांची माहिती एकत्र केली. सुमारे ३८ टक्के जणांमध्ये स्वतःला मारण्यामागे सुटका होती. २६ टक्क्यांमध्ये लक्ष किंवा हवी ती वस्तू. आणखी २६ टक्क्यांच्या आसपास असे, की ज्यांना बाहेरून कुणाकडून काही मिळत नव्हतं; त्या कृतीतूनच काहीतरी मिळत होतं. उरलेल्यांत एकाहून जास्त कारणं होती किंवा उलगडा झाला नाही.

आता हे आकडे आपल्या घरात आणून बघा. आपल्याला शेजारी, नातेवाईक, कधीकधी डॉक्टरसुद्धा एकच सल्ला देतात: 'लक्ष देऊ नका, आपोआप बंद होईल.' हा सल्ला ज्या मुलाला लक्ष हवं असतं त्याच्यापुरता. जे मूल कामातून सुटायला चावतं, त्याच्याकडे दुर्लक्ष झालं काय, त्याला ओरडा बसला काय, त्याला फरक पडत नाही. काम थांबलं ना? आणि 'जा, बाहेर उभं राहा' ही शिक्षा तर त्याच्यासाठी बक्षीसच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बंब चालवणारी माणसं प्रामाणिक असतात, धावपळ करतात, थकतात, आणि आग वाढतच जाते. मग दोष मुलाच्या माथी येतो, नाहीतर आईच्या.

मी पाहिलेली एक आठ वर्षांची मुलगी आहे, तिची गोष्ट सांगते. ओळखता येईल असं काही सांगत नाही. ती शाळेत मनगट चावायची, रक्त येईपर्यंत. वर्गातल्या बाई खरंच काळजी करणाऱ्या होत्या. चावलं की त्या तिला लगेच वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवायच्या, 'शांत झालीस की ये' म्हणून. तीन महिन्यांत चावणं दिवसातून दोनदा होतं ते दहा-बारा वेळा व्हायला लागलं. मी त्यांना एक साधी दोनशे पानी वही दिली आणि तीन रकाने आखायला सांगितले: आधी काय झालं, तिनं काय केलं, नंतर काय झालं. आपली मतं लिहायची नाहीत. 'हट्टीपणा केला' असं नाही, 'पेन्सिल खाली टाकली, डावं मनगट चावलं' असं. आठ दिवसांत वहीच बोलायला लागली. पहिल्या रकान्यात जवळजवळ दर वेळी 'लिहायला सांगितलं'. तिसऱ्या रकान्यात दर वेळी 'बाहेर बसवलं'. चित्रकलेच्या तासाला एकही नोंद नाही, डब्याच्या सुट्टीत नाही, प्रार्थनेच्या वेळी नाही. त्या बाईंनी वही वाचली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'म्हणजे मीच तिला शिकवलं.' मी म्हटलं, तुम्ही दोघींनी एकमेकींना शिकवलं. तिला बाहेर बसवलं की वर्ग शांत व्हायचा, तुमच्यासाठी तेही बक्षीसच होतं ना.

कारण कळल्यावर उपाय वर्तनाकडे बघून ठरवायचा नसतो, कारणाकडे बघून ठरवायचा असतो. तिला सुटका हवी होती. ती मागायचा सोपा आणि न दुखणारा मार्ग तिला द्यायचा होता. १९८५ मध्ये कार आणि मार्क ड्युरँड यांनी ४ मुलांवर हेच करून दाखवलं. काम अवघड झालं की बिथरणाऱ्या मुलांना 'मला समजत नाही' म्हणायला शिकवलं, म्हणजे मदत यायची. लक्ष कमी पडलं की बिथरणाऱ्यांना 'मी नीट करतोय का?' असं विचारायला शिकवलं. आणि यातला खरा कस असा, की त्यांनी मुलांना चुकीचं वाक्यही शिकवून पाहिलं. मुलाची गरज मदतीची आणि वाक्य कौतुक मागायचं, असं असलं की वर्तन कमी झालं नाही. नुसतं बोलायला शिकवून भागत नाही; त्याला जे हवं आहे तेच त्या शब्दानं मिळायला हवं.

आम्ही त्या मुलीला 'बास' हा शब्द दिला. दोन अक्षरं, ओठ मिटले की सुरू होतो. बोलणं जमलं नाही तर गळ्यात एक कार्ड, त्यावर उघडा पंजा. ते दाखवलं तरी चालेल. सुरुवातीला 'बास' म्हटलं की त्या क्षणी वही मिटायची, वाद नाही, 'एवढं पूर्ण कर मग' नाही. इथं बाईंनी मला अडवलं, आणि तुमच्यातल्या अनेकांच्या मनात तेच आलं असेल: मग ती लिहिणारच नाही! पहिल्या आठवड्यात खरंच तिनं जवळजवळ काहीच लिहिलं नाही. ते होऊ द्यावं लागतं. नवा मार्ग जुन्यापेक्षा स्वस्त नसेल तर मूल त्यावरून का जाईल? चावणं हा तिचा वर्षभराचा खात्रीचा मार्ग होता. 'बास'वर तेवढाच विश्वास बसायला हवा होता. तो बसल्यावर आम्ही एक अक्षर लिही, मग बास. मग एक शब्द. मग एक ओळ, असं वाढवत गेलो. आणि एक गोष्ट आम्हाला आधीच दिसायला हवी होती: तिला पेन्सिल नीट धरता येत नव्हती. बोटांत तेवढी ताकद नव्हती. ऑक्युपेशनल थेरपिस्टनं (रोजची कामं जमायला मदत करणाऱ्या तज्ज्ञानं) जाड पकडीची पेन्सिल दिली, लिहिण्याचा अर्धा भाग जुळवण्याच्या कामात बदलला. तिच्या चावण्यात एक तक्रार होती आणि ती तक्रार रास्त होती. मूल काम टाळतंय असं दिसलं की मी आता आधी ते काम तपासते.

जुनं बक्षीस, म्हणजे त्या वर्तनानं आजवर मिळत आलेली गोष्ट, बंद करायचं की नाही, हा प्रश्न नाजूक आहे. नुसतं बंद केलं तर मूल कधीकधी आधी जास्त जोर लावतं, हे तुम्ही सगळ्यांनी अनुभवलंय. डोरोथिया लर्मन आणि इवाटा यांनी १९९५ मध्ये अशा ११३ नोंदी तपासल्या. नुसतं बंद करण्याचा उपाय होता तिथं ३६ टक्के वेळा सुरुवातीला उसळी आली. त्याच्या जोडीला दुसरं काही दिलं होतं तिथं १२ टक्के. काढून घ्यायच्या आधी हातात काहीतरी द्या, एवढं त्यातून घ्यायचं. आणि एकत्र कुटुंबात सगळ्यांचं ठरलेलं असू द्या. आई नऊ किंकाळ्या सोसते आणि दहाव्या वेळी आजोबांना राहवत नाही, ते मोबाइल देतात. आजोबांची माया खोटी नाही, पण मुलगा शिकतो की दहा किंकाळ्या मारायच्या असतात. आजोबांना बाजूला सारू नका. त्यांनाच सांगा, 'तो बोट दाखवून मागेल तेव्हा पहिल्याच वेळी तुम्ही द्या.' मायेला नवं ठिकाण मिळतं.

आता मला माझी एक चूक सांगायची आहे. मी या कामात नवी होते. पाच वर्षांचा मुलगा, बोलत नव्हता, गालावर थापडा मारून घ्यायचा, आई धावत जवळ घ्यायची. मी दोन भेटींत ठरवून टाकलं की हे लक्षासाठी आहे, आणि त्या माउलीला सांगितलं, बघू नका त्याच्याकडे. तिनं तीन आठवडे काळजावर दगड ठेवून ते पाळलं. नंतर दातांच्या डॉक्टरांना दाढेत खोलवर कीड सापडली. एकाच गालावर मारत होता तो. एकाच. हे मी तेव्हा बघायला हवं होतं. मार्क ओ'रायली यांनी १९९७ मध्ये एका लहान मुलीची नोंद छापली. तिचं स्वतःला मारणं कानात संसर्ग असेल त्या दिवसांतच दिसायचं. तेव्हापासून माझ्या यादीत दात, कान, बद्धकोष्ठता, पित्त, झोप आणि मोठ्या मुलींची पाळी पहिल्या पानावर असतात. जे अचानक सुरू झालं किंवा अचानक वाढलं, त्यासाठी आधी डॉक्टरांकडे जा, मग माझ्याकडे या.

ज्या वर्तनातूनच मुलाला काही मिळतं, बाहेरून कुणाकडून नाही, त्याबद्दल थोडंच बोलते. हात फडफडवणं, डोलणं, तोच आवाज पुन्हा पुन्हा काढणं. यानं कुणाला इजा होत नसेल तर ते थांबवायचं कशाला? लग्नात लोक बघतात म्हणून? स्वमग्न मोठी माणसं आज स्वतः लिहितात, बोलतात. आमच्या क्षेत्रानं त्यांना सारखं 'नीट बस, हात खाली' करून किती थकवलं ते सांगतात. मी ते वाचते आणि मला ते मान्य करावं लागतं. मुलाला इजा होत असेल, दुसऱ्याला होत असेल, त्याचं शिकणं, फिरणं, माणसांत असणं अडत असेल, तरच हात घालावा.

एक शेवटचा टप्पा राहतो, ज्याच्याशिवाय 'बास'चं काम अर्धवट राहतं. जगात दर वेळी 'बास'ला हो मिळत नाही. ग्रेगरी हॅन्ली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ३ स्वमग्न मुलांबरोबर केलेल्या कामात मागणं शिकवल्यानंतर नकार आणि वाट पाहणंही शिकवलं, थोड्या थोड्या पायऱ्यांनी. घरी आपण असं करतो: पाच वेळा मागितलं तर तीनदा लगेच देतो, दोनदा 'थांब' म्हणतो. 'थांब'ला मुलानं 'बरं' म्हणायचं, किंवा मान हलवायची. सुरुवातीला 'बरं' म्हणताक्षणी गोष्ट मिळते. मग पाच सेकंदांनी, मग कुकरची एक शिट्टी होईपर्यंत, मग तीन शिट्ट्यांनी. घाई केली तर फसतं. आणि 'थांब' म्हटलं तर नंतर ती गोष्ट खरंच मिळाली पाहिजे. आपण थांब म्हणून विसरून जातो, मुलं विसरत नाहीत.

मनगट चावणारी ती मुलगी आता चौथीत आहे. दिवाळीत घरी पाहुणे आले होते, एक काका तिचे गाल ओढत होते, नेहमीसारखे. ती म्हणाली, 'बास.' तिच्या आईनं मला फोनवर सांगितलं की काका हसले आणि पुन्हा हात पुढे केला, तेव्हा आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, 'ती बास म्हणाली ना, ऐकायला नाही आलं?'

वेळ संपत आलीय, पण चिठ्ठ्यांतली एक घेते. 'शाळेत चावतो, घरी अजिबात नाही. शाळा म्हणते घरचे लाड.' ताई, घरी नाही आणि शाळेत आहे, म्हणजे शाळेत असं काहीतरी आहे जे घरी नाही. आवाज असेल, गर्दी असेल, लिहिणं असेल, बाकावर शेजारी बसणारं मूल असेल. भांडायला जाऊ नका. वही घेऊन जा, तीन रकाने आखा, दोन आठवडे भरून द्यायची विनंती करा. आणि चहाच्या वेळात मला भेटा, कुठल्या तासाला होतं ते आपण बसून बघू.